फलुजावरचा हल्ला मतदानासाठी थांबला होता का?

गंगापूररोडकर: ३१ मार्च २००४ ला इराकमधल्या फलुजा शहरात ब्लॅकवॉटर या अमेरिकी खासगी सुरक्षा कंपनीचे चार जण मारले गेले, दोघांचे मृतदेह पुलाला लटकवले. एप्रिलमध्ये अमेरिकेचे मरीन सैनिक शहरात घुसले आणि मध्येच थांबवले गेले. दुसरा हल्ला ७ नोव्हेंबरला, अमेरिकेच्या अध्यक्षपदाचं मतदान २ तारखेला झालं त्यानंतर. हा योगायोग म्हणायचा?

देवळाली कॅम्प (निवृत्त सुभेदार, तोफखाना): बाळा, एप्रिलचं आधी नीट बघ. मरीनच्या अधिकाऱ्यांना दमानं, माणसं हेरून कारवाई करायची होती. पुलावरच्या मृतदेहांचे फोटो जगभर गेले आणि वरून हुकूम आला: आत्ता घुसा. मग सामान्य माणसं मरायला लागल्यावर बगदादच्या नियामक मंडळातले (अमेरिकेनं नेमलेल्या इराकी मंडळातले) लोक राजीनाम्याची भाषा करू लागले, तेव्हा हुकूम आला: थांबा. दोन्ही निर्णय राजकारणाचे, मोल मोजलं जवानांनी आणि त्या गल्ल्यांमधल्या बायापोरांनी. मी तोफेवर नोकरी केली आहे, वस्तीवर गोळा टाकणं काय असतं ते मला कळतं. नोव्हेंबरपर्यंत बहुतेक लोक शहर सोडून गेले होते, हेही विसरू नकोस. शिवाय इराकचं स्वतःचं मतदान ३० जानेवारी २००५ ला होतं. एकट्या वॉशिंग्टनच्या तारखेवर बोट ठेवू नये.

सिडको_नाशिक: काका, स्पेनच्या माद्रिदचंही सांगा ना, त्यांचंही सैन्य इराकमध्ये होतं. ११ मार्च २००४ ला रेल्वेत स्फोट, १४ ला मतदान, सरकार पडलं.

देवळाली कॅम्प: हो, पण लोक चिडले ते सरकारनं घाईनं ‘एटा’ या बास्क फुटीरतावादी सशस्त्र संघटनेवर ठपका ठेवला म्हणूनही. निवडणूक जिंकलेल्या विरोधी नेत्या सापातेरोंनी इराकमधून सैन्य परत बोलावण्याचं वचन स्फोटांच्या आधीच दिलं होतं.