मदत हवी आहे: बाबांच्या हातावर निळे डाग, शुक्रवारी दाढ काढायचीय

रंकाळा_वॉकर:
लवकर सांगा रे कुणीतरी. बाबांची दाढ शुक्रवारी राजारामपुरीत काढायचीय आणि पंधरा दिवस झाले हातावर निळे डाग पडाय लागलेत, कुठं आपटलं नाही काय नाही. प्लेटलेट (रक्त गोठवणाऱ्या पेशी) तपासल्या तर २ लाख १० हजार, म्हणजे नॉर्मल. रोज एक हिरवी कॅप्सूल घेतात अँटिऑक्सिडंट म्हणून. त्यानं रक्त पातळ होतं का, हो की नाही एवढंच सांगा.

तांबडा_रस्सा:
पपईच्या पानांचा रस दे भावा. माझ्या भाच्याला डेंग्यू झालता तवा त्यानंच प्लेटलेट वाढल्या.

रंकाळा_वॉकर:
अहो कमी नाहीतच त्या, वर वाचा की!!

मेडिकलवाला_पोरगा:
कॅप्सूल कसली, किती मिग्रॅ, वय किती, बाकी गोळ्या कुठल्या?

रंकाळा_वॉकर:
व्हिटॅमिन ई ४००. वय ६६. बाकी बीपी वगैरे, नेहमीच्याच.

पेठकरीण:
काय होत नाही व्हिटॅमिन ईनं. मी चार वर्षं घेतेय, फोडून तोंडालापण लावते. उगाच घाबरवू नका माणसाला.

मेडिकलवाला_पोरगा:
ताई, तोंडाला लावणं वेगळं आणि रोज ४०० गिळणं वेगळं. दिवसाची गरज साधारण १५ मिग्रॅची. मोठ्या डोसात ते प्लेटलेटना एकमेकींना चिकटू देत नाही, शिवाय रक्त गोठायला लागणाऱ्या व्हिटॅमिन केच्या कामात आडवं येतं. रिपोर्टात प्लेटलेट किती ते कळतं, चिकटतात का ते कळत नाही, म्हणून २ लाख असूनपण डाग पडू शकतात. आणि "वगैरे"मध्ये काय काय आहे ते सांगा आधी.

गणिताचे_सर:
आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ती तपासणी) करून घ्या, सगळं कळेल.

मेडिकलवाला_पोरगा:
सर, आयएनआर वॉरफॅरिनवाल्यांसाठी, म्हणजे ती रक्त पातळ करायची गोळी घेणाऱ्यांसाठी, प्लेटलेटचा दोष त्यात दिसत नाही.

गणिताचे_सर:
माझा आयएनआर दर महिन्याला होतो, मला शिकवू नका.

रंकाळा_वॉकर:
भांडू नका हो. डबा बघितला, ॲस्पिरिन ७५ आणि क्लोपिडोग्रेल ७५. आठ महिन्यांपूर्वी हार्टच्या रक्तवाहिनीत स्टेंट (जाळीची नळी) टाकलाय, ते सांगायचं राहिलं.

मेडिकलवाला_पोरगा:
अरे देवा, हेच पहिल्यांदा सांगायचं असतं! ॲस्पिरिन लागलेली प्लेटलेट मरेपर्यंत नीट चिकटत नाही, म्हणजे सात ते दहा दिवस. त्यावर क्लोपिडोग्रेल, तीपण प्लेटलेट चिकटू न देणारीच गोळी, त्यावर आणि ई. तिघं मिळून.

शाहूपुरी_७७:
मग शुक्रवारपर्यंत सगळ्याच बंद करा. आमच्या सासऱ्यांनी तसंच केलं, टकाटक दाढ निघाली.

मेडिकलवाला_पोरगा:
असलं काय सांगू नका!! स्टेंटवाल्यानं त्या दोन गोळ्या मनानं बंद केल्या तर स्टेंटमध्ये गुठळी होऊन अटॅक येऊ शकतो. दाढेचं रक्त बोळा दाबून, टाके घालून थांबवता येतं. हार्टच्या डॉक्टरांना आजच फोन लावा आणि दातवाल्यांनापण तिन्ही नावं सांगा.

पेठकरीण:
मग केसांसाठी घ्यायची का नाही?

रंकाळा_वॉकर:
फोन झाला. ई बंद, बाकी दोन्ही चालू, डाग बघायला उद्या बोलावलंय, दाढ पुढं ढकलली. बाबा चिडलेत, परवाच तीन पाकिटं आणून ठेवल्यात.

तांबडा_रस्सा:
पपईचं पान लागलं तर उचगावला या, झाड दारातच हाय.