नाशिकमध्ये एसी सर्व्हिसिंगचा नवा व्यवसाय: दर पाडावेत की ग्राहक निवडावेत?

प्रश्न | नवी_सुरुवात

नमस्कार. मार्चपासून नाशिकमध्ये स्प्लिट एसीची सर्व्हिस आणि दुरुस्ती सुरू करत आहोत. एक मेकॅनिक, एक हेल्पर, एक दुचाकी. जेट पंप, व्हॅक्यूम पंप, गेज आणि वजनकाटा घेऊन झाला आहे. आमच्या भागात साधी जेट सर्व्हिस (पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने एसी धुणं) 400 ते 600 रुपयांत होते, ॲपवरही आणि गल्लीतल्या मेकॅनिककडेही. तीन मार्ग दिसतात: 349 रुपये दर लावून गर्दी खेचायची, जास्त दर घेऊन काम चांगलं द्यायचं, किंवा दवाखाने आणि छोटी ऑफिसं एवढंच धरायचं. कोणता मार्ग घ्यावा आणि तो कशावरून ठरवावा?

उत्तर | हिशेब_आधी

आधी एका कामाचा खर्च काढा. मेकॅनिकचा पगार समजा 20,000, हेल्परचा 13,000, पेट्रोल 4,000, फोन आणि हत्यारांची झीज 2,000. महिन्याचे 39,000, कामाचे 26 दिवस, म्हणजे रोजचे 1,500. दिवसाला सहा कामं झाली तर एक काम 250 रुपयांना पडतं, तीन झाली तर 500 ला, दोनच झाली तर 750 ला. यात तुमचा स्वतःचा पगार धरलेला नाही.

349 रुपयांत सहा कामं केली तर दिवसाला जेमतेम 600 सुटतात, आणि तेही फक्त उन्हाळ्यात. पहिला पाऊस पडला की घरगुती फोन आटतात, ते थेट फेब्रुवारीअखेर पुन्हा वाजू लागतात. स्वस्त दर त्यालाच परवडतो ज्याचं पुढचं काम त्याच सोसायटीत असतं. तुम्ही सकाळी पंचवटी आणि दुपारी पाथर्डी फाटा अशी शहराची दोन टोकं केलीत तर सहाची चार कामं होतील.

आणखी एक धोका आहे. दर खर्चाखाली गेला की तूट भरून काढायला मेकॅनिक प्रत्येक घरी "गॅस कमी आहे" म्हणू लागतो. नव्या माणसाचं नाव तिथेच खराब होतं. पहिला मार्ग सोडा.

उत्तर | गारवा

माझं मत तिसऱ्या मार्गाला. डेंटल क्लिनिक, पॅथॉलॉजी लॅब, सर्व्हर खोली असलेली ऑफिसं, औषधांची दुकानं. यांचे एसी बाराही महिने चालतात आणि एका जागी तीन-चार असतात, त्यामुळे प्रवासाचा खर्च एकदाच लागतो. कॉलेज रोड, गंगापूर रोड, शरणपूर रोड हा एकच पट्टा धरा. सिडको, अंबडला पहिलं वर्ष जाऊच नका.

वार्षिक करारात तीन सर्व्हिस द्या: फेब्रुवारी, जुलै आणि नोव्हेंबर. मोठा भार मुद्दाम मंदीच्या महिन्यांत ढकलायचा, म्हणजे एप्रिल-मे बिघाडांसाठी मोकळे राहतात. दवाखान्यात काम दुपारी ओपीडी बंद असताना किंवा रविवारी करा. पेशंट बसलेले असताना जेट मारलात तर करार पुढच्या वर्षी राहणार नाही.

"चार तासांत माणूस येईल" हे वचन देण्याआधी क्षमता मोजा. 80 मशीनचे करार असतील आणि प्रत्येकी एक बिघाड उन्हाळ्याच्या 60 दिवसांत आला, तर रोजचे सव्वा ते दीड बिघाड. म्हणजे सहापैकी दोन जागा रोज रिकाम्या ठेवल्या तरच वचन पाळता येईल. एका जोडीवर 80 च्या पुढे करार घेऊ नका, कितीही मोह झाला तरी.

जीएसटीचा मुद्दा बहुतेकांच्या लक्षात येत नाही. डॉक्टरांची उपचारसेवा करमुक्त असल्याने त्यांना तुमच्या बिलावरच्या 18 टक्क्यांचं क्रेडिट (स्वतःच्या जीएसटीतून वजावट) मिळत नाही, तो त्यांना निव्वळ खर्च असतो. तुमची उलाढाल 20 लाखांच्या आत आहे आणि नोंदणी नाही, तोवर मोठ्या एजन्सीपेक्षा तुमचं बिल तेवढ्याने हलकं दिसतं. जीएसटी भरणाऱ्या ऑफिसांकडे हा फायदा नाही, कारण त्यांना क्रेडिट मिळतं.

उत्तर | कॉपर_आणि_कॉइल

ग्राहक निवडला तरी "चांगलं काम" म्हणजे काय ते कागदावर दिसायला हवं. प्रत्येक मशीनचं जॉब कार्ड ठेवा: सर्व्हिसच्या आधी आणि नंतर क्लॅम्प मीटरवरचे (वायरभोवती लावून वीजप्रवाह मोजणारं मीटर) अँपिअर, आत जाणारी आणि बाहेर येणारी हवा यांच्या तापमानातला फरक, कॉइलचा फोटो. फरक साधारण 8 ते 12 अंश असावा.

गॅस कमी असेल तर गळती आहेच. ती न शोधता टॉप-अप केला की काही आठवड्यांत पुन्हा फोन येतो. बहुतेक वेळा फ्लेअर नट (तांब्याची नळी मशीनला जोडणारा नट) किंवा जोड गळत असतो. नायट्रोजन भरून दाब धरा, साबणाचं पाणी लावा, दुरुस्ती झाल्यावर 500 मायक्रॉनपर्यंत (हे दाबाचं माप) व्हॅक्यूम घ्या, म्हणजे नळीतली हवा आणि ओलावा पंपाने ओढून काढा, आणि मशीनच्या प्लेटवर लिहिलेल्या वजनाएवढाच गॅस काट्यावर मोजून भरा. एसीतला आर-32 गॅस पेट घेऊ शकतो, त्यामुळे टॉर्च लावण्याआधी गॅस काढून नायट्रोजनने लाईन साफ करा. हे सगळं करून गॅसकामावर 90 दिवसांची लेखी हमी द्या. घाईत काम उरकणाऱ्याला ती देता येत नाही. तुम्ही दोनशे रुपये जास्त का घेता, याचं उत्तर तिथे आहे.

नवी_सुरुवात

धन्यवाद, तिसरा मार्ग पक्का करतोय. एक क्लिनिक कॉम्प्रेसर आणि पीसीबीसकट (एसीचा इलेक्ट्रॉनिक सर्किट बोर्ड) करार मागत आहे. द्यावा का?

गारवा

पहिल्या वर्षी नको. एका इन्व्हर्टर मशीनचा पीसीबी किंवा कॉम्प्रेसर गेला की कितीतरी करारांची वर्षाची फी त्यात जाते, आणि 80 मशीनमध्ये तो धक्का विभागला जात नाही. करारात सुटे भाग आणि गॅस वेगळे ठेवा, त्यांची दरपत्रिका मात्र आधीच जोडा. अगदीच अडून बसले तर मशीनचं वय, मागची बिलं आणि स्टॅबिलायझर आहे का ते पाहा, आणि पाच वर्षांपुढचं मशीन वगळा.

पैसे अर्धे आगाऊ, अर्धे दुसऱ्या सर्व्हिसला. उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी) मोफत आहे, ती आजच करा आणि नंबर बिलावर छापा. सूक्ष्म उद्योगाचे पैसे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त 45 दिवसांत, नसेल तर 15 दिवसांत द्यावे लागतात. म्हणून करारात मुदत स्वतःच लिहा: बिलापासून 15 दिवस.