मदत हवी आहे : मॉवर चालू होतो आणि लगेच बंद पडतो

रानजाई
थंडीभर शेडमध्ये झाकून ठेवलेला मॉवर काल बाहेर काढला. दोरी ओढली की चालू होतो, दोन-तीन सेकंद फडफडतो आणि बंद. परत ओढली की परत तेच. प्लग काढून ब्रशने साफ केला, काही फरक नाही. गवत घोट्याच्या वर आलंय, पुढच्या आठवड्यात पाऊस सांगितलाय, त्याआधी एक कापणी व्हायलाच हवी. मेकॅनिककडे मोठी रांग आहे. कोणाला अनुभव असेल तर प्लीज लवकर सांगा. छाटणीच्या कात्र्या आणि फावडीही गंजलीत, पण ते नंतर. आधी मॉवर.

जुनापाना
टू स्ट्रोक की फोर स्ट्रोक? चोक आहे की दाबायचा रबरी फुगा? एअर फिल्टर उघडून बघितला का? पेट्रोल कधीचं आहे? एवढं कळल्याशिवाय कोणीही अंदाजानेच सांगणार.

खटपट्या
प्लग बदला. साफ करून भागत नाही, आतल्या चिनी मातीला बारीक तडा असला तर तो बाहेरून दिसतही नाही. नवा प्लग लावा, गॅप (ठिणगी पडते ती फट) साधारण ०.७५ मिमी ठेवा (तुमच्या मॅन्युअलमध्ये आकडा असेलच), काम फत्ते. माझ्याकडे दर मोसमाला पहिलं काम हेच.

रानजाई
पेट्रोलवर चालणारा, ढकलायचा मॉवर आहे. ऑइल वेगळं भरावं लागतं, कांडीवर खुणेपर्यंत दिसतंय. फुगा आहे, तो दाबूनच दोरी ओढते. फिल्टर कागदी आहे, झटकला, स्वच्छ आहे. आता सांगा.

जुनापाना
म्हणजे फोर स्ट्रोक. पेट्रोलचं राहिलं.

रानजाई
पेट्रोल आहे हो, अर्धी टाकी भरलेली आहे. शेवटच्या कापणीच्या वेळचं. संपलेलं नाही म्हणून लिहिलं नव्हतं.

विजेरी
याच कटकटीला कंटाळून मी बॅटरीच्या मॉवरवर आलो. ना पेट्रोल, ना प्लग, ना कार्ब्युरेटर (पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग). थंडीत ठेवताना बॅटरी अर्धी चार्ज ठेवायची (साधारण ४० ते ६० टक्के), मशीनमधून काढून कोरड्या जागी ठेवायची. पूर्ण चार्ज करून महिनोन्महिने ठेवली की लिथियमची बॅटरी लवकर म्हातारी होते. मोसम सुरू झाला की लावायची आणि कामाला लागायचं. विचार करा.

जुनापाना
@विजेरी, त्यांना याच आठवड्यात गवत कापायचंय, नवीन मशीन घ्यायचं नाहीये.

@रानजाई, दुखणं पेट्रोलमध्येच आहे. पेट्रोल महिनोन्महिने पडून राहिलं की त्यातला हलका भाग उडून जातो आणि मागे चिकट राळ उरते. इथेनॉल मिसळलेलं असेल तर ते हवेतलं पाणीही ओढून घेतं. ही राळ नेमकी कार्ब्युरेटरच्या मेन जेटमध्ये, म्हणजे इंजिनला पेट्रोल पुरवणाऱ्या भोकात बसते, कारण ते भोक फार बारीक असतं. फुगा दाबून तुम्ही जेवढं पेट्रोल आत ढकलता तेवढ्यावर इंजिन दोन-तीन सेकंद चालतं. पुढचं पेट्रोल जेटमधून यायला हवं, ते येत नाही, म्हणून बंद. एक सोपी परीक्षा : चालू झाल्याझाल्या दुसऱ्या कोणाला तरी फुगा हळूहळू दाबत राहायला सांगा. दाबत असेपर्यंत चालला तर जेट चोकअप आहे, शंकाच नको.

खटपट्या
प्लग दोन मिनिटांचं काम आहे, कार्ब्युरेटर उघडणं तासाभराचं. आधी सोपं करून बघायला काय हरकत आहे?

जुनापाना
हरकत काहीच नाही, पण प्लगमध्ये ठिणगीच नसती तर ते दोन-तीन सेकंदही चाललं नसतं. आणि प्रत्येक वेळी तेवढ्याच वेळाने बंद पडतंय, हे लक्षात घ्या. प्लग खराब असला की इंजिन कधी पेटतं, कधी पेटत नाही.

कडबा
+१ जुनापाना. टाकीच्या झाकणाचं हवेचं भोकही बघा. ते बुजलं तर टाकीत निर्वात होऊन पेट्रोल येणं थांबतं. पण तसं असेल तर मशीन काही मिनिटं चालून मग बंद पडतं.

पातेधार
थोडं वेगळं सांगतो. घरगुती हिरवळीला इंजिन लागतंच कशाला? १८३० साली इंग्लंडमध्ये एडविन बडिंगने पहिला मॉवर केला तो रूळवाला, आणि हातानं ढकलायचे रूळवाले मॉवर आजही त्याच तत्त्वावर चालतात. फिरती पाती खालच्या स्थिर पट्टीवर घासून जातात, त्यामुळे गवताचा शेंडा कात्रीने कापल्यासारखा साफ कापला जातो. इंजिनच्या मॉवरचं पातं नुसत्या वेगाने गवत झोडपतं. मोसमाच्या सुरुवातीला घासायची पेस्ट लावून रूळ उलटा फिरवला की धार लागते.

कडबा
अहो, गवत घोट्याच्या वर आहे म्हणतायत त्या. रूळवाला मॉवर उंच गवताला आडवा पाडून वरून निघून जातो. तो नियमित कापणाऱ्यांसाठी उत्तम, इथे नाही चालायचा.

रानजाई
फुग्याची परीक्षा केली. मुलगा दाबत होता तोवर चालू राहिला! जेट कुठे असतो आणि उघडायचा कसा, ते सांगा. माझ्याकडे पाना, पक्कड, स्क्रू-ड्रायव्हर आहेत.

जुनापाना
उघड्यावर करा, इंजिन गार असू दे, जवळपास विस्तव नको. प्लगची वायर काढून बाजूला बांधून ठेवा. जुनं पेट्रोल डब्यात पूर्ण काढून घ्या.

एअर फिल्टरच्या मागे कार्ब्युरेटर, त्याच्या बुडाशी वाटी दिसेल. वाटीच्या तळाला एक बोल्ट असतो, तो सोडला की वाटी खाली येते. रबरी रिंग हरवू नका, आणि फ्लोटची (वाटीतल्या तरंगत्या भागाची) सुई निसटली तर ती कशी बसली होती ते बघून ठेवा. बऱ्याच इंजिनांत तो बोल्ट म्हणजेच मेन जेट असतो. त्याच्या अंगात आडवं बारीक भोक असतं आणि मधोमध उभं. उजेडाकडे धरून आरपार दिसतंय का बघा. दिसत नसेल तर विजेच्या वायरमधली तांब्याची एक तार घेऊन हलक्या हाताने फिरवा आणि कार्ब्युरेटर क्लीनर मारा, डोळ्यांना चष्मा लावून. सुई किंवा ड्रिल घालू नका, भोक मोठं झालं की पेट्रोलचं प्रमाण कायमचं बिघडतं.

जवसतेल
तोवर गंजलेल्या हत्यारांचं सांगते. फावडी आणि खुरपी आधी तारेच्या ब्रशने घासा. गंज जाड असेल तर पातं रात्रभर व्हिनेगरमध्ये ठेवा, मग खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुवा, लगेच कोरडं पुसा आणि तेलाचा हात फिरवा, नाहीतर दुपारपर्यंत परत तांबूस होईल. लाकडी दांड्यांना पॉलिश पेपर मारून जवसाचं तेल चोळा. आणि हे नीट वाचा : तेलाची चिंधी चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका. जवसाचं तेल वाळताना उष्णता सोडतं, चिंधी आपोआप पेट घेऊ शकते. उघड्यावर पसरून वाळवा.

छाटणीच्या कात्रीत एक पातं दुसऱ्याला घासून जात असेल तर धार फक्त उताराच्या बाजूने लावा. सपाट बाजूला कानस लावली की दोन पात्यांत फट पडते आणि फांदी कापली न जाता चिमटली जाते.

खटपट्या
व्हिनेगरपेक्षा तारेचा ब्रश आणि रॉकेल बरं. व्हिनेगर सांध्यात राहिलं की आतून गंज धरतो.

जवसतेल
म्हणून तर फक्त पातं म्हटलं. कात्री सुटी करून मगच बुडवायची.

रानजाई
बोल्टच्या भोकात पिवळट हिरवं काहीतरी चिकटून घट्ट बसलं होतं, सुकलेल्या डिंकासारखं. तारेने काढलं, क्लीनर मारला, ताजं पेट्रोल भरलं. आता बंद पडत नाही! जुनापाना, मनापासून आभार. सगळ्यांचेच आभार.

कोपऱ्यात थोडं कापून बघितलं. शेंडे फाटल्यासारखे दिसतायत आणि दांडा जास्त थरथरतोय. पात्याला धार लावू ना? कशी? मशीन आडवं पाडायचं का?

कडबा
प्लगची वायर काढल्याशिवाय पात्याला हात लावायचा नाही, आज कितीही घाई असली तरी. मशीन आडवं करताना कार्ब्युरेटर आणि एअर फिल्टर वरच्या बाजूला राहू द्या, नाहीतर ऑइल फिल्टरमध्ये उतरेल. पात्याची खालची बाजू खडूने खूण करून ठेवा, उलटं बसवलं तर कापतच नाही. मूळ उतार आहे त्याच कोनात कानस चालवा, वस्तऱ्यासारखी बारीक धार नको, ती लगेच दुमडते. मग पातं मधल्या भोकातून खिळ्यावर टांगा. जी बाजू खाली झुकते ती जड, तिकडून थोडं अजून घासा. पातं तोललेलं नसलं की दांडा थरथरतो.

जुनापाना
तोलून बसवल्यावरही थरथरला तर कापू नका, पातं बसतं तो दांडा वाकलाय का ते दाखवून घ्या. गेल्या मोसमात पातं दगडावर वगैरे आपटलं होतं का?

रानजाई
आपटलं नाही. पातं काढलं, एका टोकाला कचकन खाली झुकलं. घासतेय.

पातेधार
पहिल्या कापणीला उंची वरच ठेवा. एका वेळी पानाच्या एक तृतीयांशाहून जास्त कापू नका, आठवड्याने परत थोडं खाली या.

खटपट्या
आता चालतंय तर इंजिन थोडं गरम करून ऑइलही बदला, कोमट ऑइल घाण घेऊन सगळं खाली येतं. आणि प्लग बदलाच.

रानजाई
ऑइल उद्या बदलते. काढलेलं जुनं पेट्रोल कारमध्ये ओतलं तर चालेल का?

जुनापाना
रंग गडद झालाय आणि वास आंबट येतोय का? तसं असेल तर कारमध्ये अजिबात नको. घट्ट झाकणाच्या पेट्रोलच्या डब्यात ठेवा आणि घातक कचरा जिथे घेतात तिथे द्या. गटारात किंवा मातीत ओतू नका. पुढच्या वेळी ठेवण्याआधी ताज्या पेट्रोलमध्ये स्टॅबिलायझर (पेट्रोल लवकर खराब होऊ न देणारं द्रव्य) घालून काही मिनिटं इंजिन चालवा, म्हणजे ते कार्ब्युरेटरपर्यंत पोचेल.