१९६३ ची बिनविरोध पोटनिवडणूक : नाशिकचा मान की हुकलेलं मत?

गोदाकाठचा
ऑक्टोबर २०२५ मध्ये ओझरच्या विमान कारखान्यात तेजस या लढाऊ विमानाच्या नव्या उत्पादन साखळीचं उद्घाटन झालं, तेव्हापासून एक वाक्य पुन्हा ऐकू येतंय : "यशवंतराव चव्हाण नाशिकचे खासदार होते, म्हणून हे सगळं इथे आलं." ऐकायला बरं वाटतं. पण खासदार झाले कसे ते बघा.

१९४१ ला एलएलबी. कऱ्हाडात वकिली सुरू होते न होते तोच बेचाळीसची चळवळ, मग भूमिगत. ४६ ला आमदार आणि मोरारजींकडे संसदीय सचिव. ५६ ला द्विभाषिक मुंबई राज्याचे मुख्यमंत्री, ६० ला महाराष्ट्राचे पहिले. नोव्हेंबर १९६२ मध्ये चीनने मार दिल्यावर संरक्षणमंत्री कृष्ण मेनन पायउतार झाले आणि नेहरूंनी यांना संरक्षण खात्यावर बोलावलं. सहा महिन्यांत संसदेत यायला हवं होतं. नाशिकची जागा रिकामी होती. १९६३ च्या पोटनिवडणुकीत ते इथून बिनविरोध गेले.

म्हणजे एकाही नाशिककराने त्यांना मत दिलं नाही. देता आलंच नाही. याच मतदारसंघाने १९५७ ला दादासाहेब गायकवाडांना, काळाराम मंदिर सत्याग्रहाच्या नेत्याला, लोकसभेत पाठवलं होतं. सहा वर्षांत विरोधाला उमेदवार मिळेना? आणि ६७ ला साहेब साताऱ्यातून उभे. नाशिक ही त्यांची धर्मशाळा होती, घर नव्हे. यात मिरवण्यासारखं काय आहे?

निफाडची लेक
दादा, युद्ध संपून काही महिनेच झाले होते. सैन्याचं मनोधैर्य खचलेलं, खात्याची अब्रू गेलेली. अशा वेळी संरक्षणमंत्र्याला गल्लोगल्ली मतं मागत फिरवायचं होतं का? विरोधकांनी अर्ज भरले नाहीत हा समजूतदारपणा होता. सह्याद्री हिमालयाच्या मदतीला धावला असं लोक म्हणत, ते उगाच नाही.

माझे सासरे एचएएलमधून, म्हणजे ओझरच्या विमान कारखान्यातून, निवृत्त झाले. आमच्या भागातल्या किती घरांत पहिला पगार तिथून आला ते जरा ओझरला येऊन विचारा. १९६४ ला कारखाना उभा राहिला, मिग-२१ इथे बनली, पुढे सुखोई. पासष्टच्या युद्धातही संरक्षणमंत्री हेच. धर्मशाळेत उतरणारा माणूस एवढं ठेवून जात नाही.

सिन्नरी तात्या
ताई, ओझरच्या पगाराबद्दल वाद नाही. पण मिगचा रशियाशी करार ऑगस्ट ६२ चा, मेनन यांच्या काळातला. काम तीन ठिकाणी वाटलं : सांगाडा नाशिकला, इंजिन कोरापुटला, इलेक्ट्रॉनिक्स हैदराबादला. कोरापुट आणि हैदराबादहून संरक्षणमंत्री निवडून गेले नव्हते, तरी कारखाने गेलेच ना? नाशिक निवडण्यात यशवंतरावांचं वजन होतं हे मी मानतो. विमान मात्र त्यांनी आणलं नाही.

आणि समजूतदारपणाचं म्हणाल तर त्याच १९६३ साली उत्तरेत आणि गुजरातेत काय झालं? अमरोह्यातून कृपलानी, फर्रुखाबादेतून लोहिया, राजकोटहून मसानी. तिघेही काँग्रेसला हरवून पोटनिवडणुकीत निवडून आले. ऑगस्टमध्ये कृपलानींनी नेहरू सरकारविरुद्ध पहिला अविश्वास ठराव मांडला. तिथल्या लोकांना देश प्यारा नव्हता काय? चीनच्या पराभवाचा जाब मतपेटीतून विचारता येत होता, तो त्यांनी विचारला. नाशिकने ती संधी सोडली. धागाकर्त्याशी सहमत.

पंचवटीकर
तात्या, लोहियांची गोष्ट इथे लागू नाही. मेनन यांच्या जागी आलेल्या माणसाला मेनन यांच्या चुकांचा जाब कसा विचारणार? ते आले तेव्हा लढाई थांबलेली होती.

शिवाय हा माणूस निवडणुकीला घाबरणारा नव्हता. १९५७ ला संयुक्त महाराष्ट्र समितीच्या लाटेत पश्चिम महाराष्ट्रात काँग्रेसची धूळधाण झाली, तेव्हा कऱ्हाडातून थोडक्या मतांनी का होईना, टिकला. ७७ ला इंदिराबाई स्वतः पडल्या, हे साताऱ्यातून आले.

मला त्यांच्यातला वकील दिसतो तो मुख्यमंत्रिपदाच्या काळात. जिल्हा परिषदेचा कायदा १९६१ चा, कमाल जमीनधारणेचाही त्याच सालचा. गावातल्या माणसाला सत्तेची पायरी कायद्यात बांधून दिली. हे भाषण ठोकून होत नाही, कलम न कलम बसवावं लागतं.

गोदाकाठचा
पंचवटीकर, कायदे मान्य. पण कलमं बसवणाऱ्याच वकिलाने आणीबाणीत काय केलं? नागरिकांचे हक्क गुंडाळले गेले तेव्हा ते परराष्ट्रमंत्री होते. राजीनामा नाही, जाहीर विरोध नाही. कायदा शिकलेल्या माणसाकडून माझी जास्त अपेक्षा आहे.

निफाडची लेक
तेव्हा मंत्रिमंडळात कोण बोललं, ते सांगा ना. एकट्या यशवंतरावांनाच का धरता?

गोदाकाठचा
कारण पुतळे आणि विद्यापीठं त्यांच्या नावाची आहेत. गंगापूर धरणाजवळच्या मुक्त विद्यापीठाला १९८९ ला त्यांचंच नाव दिलं. ज्यांचं नाव घेतो त्यांनाच विचारायचं.

सिन्नरी तात्या
विद्यापीठाचं नाव मात्र मला योग्य वाटतं. ज्यांना कॉलेज सुटलं त्यांना पदवी देणारं विद्यापीठ, आणि फी भरायची ऐपत नसलेल्यांसाठी ईबीसी (आर्थिकदृष्ट्या मागास) सवलत आणणारा मुख्यमंत्री. इथे मी पंचवटीकरांच्या बाजूला.

दिल्लीतल्या यशवंतरावांबद्दल मात्र मन खट्टूच राहतं. जुलै ७९ मध्ये विरोधी पक्षनेते म्हणून त्यांनी मोरारजींच्या सरकारवर अविश्वास ठराव आणला. ज्यांच्या हाताखाली कारकीर्द सुरू झाली तेच मोरारजी! मतदानाआधीच सरकार गेलं. तोवर ठीक, विरोधी नेत्याचं ते कामच. पण लगेच चरणसिंगांकडे उपपंतप्रधान? पुढे ८१ ला परत इंदिराबाईंच्या पक्षात? संरक्षण, गृह, अर्थ, परराष्ट्र, सगळी मोठी खाती भूषवलेल्या माणसाला हे करायची काय गरज होती?

पंचवटीकर
यातलं काहीच नाशिकच्या खात्यावर मांडता येत नाही, तात्या. तोवर ते साताऱ्याचे होते.

सिन्नरी तात्या
तेच तर धागाकर्ता म्हणतोय! ६७ ला नाशकातून उभे राहून मतं घेतली असती, तर हिशेब मागायला आपल्याकडे तोंड तरी असतं.