ग्रॅन्युलोमा दिसला की टीबीच?

पॅथॉलॉजीवाली: काल इथे एकाने ठणकावून लिहिलं, "ग्रॅन्युलोमा आला की टीबीची औषधं सुरू करा, हिस्टोप्लाझ्मोसिस शोधत बसू नका." वाचून राहवलं नाही. ग्रॅन्युलोमा म्हणजे तपासायच्या तुकड्यात दिसणारी संरक्षक पेशींची गाठ; ती टीबीत होते, तशी हिस्टोप्लाझ्मोसिस या बुरशीच्या आजारातही. हा आजार जिभेवरच्या कडक कडांच्या व्रणातून कॅन्सरसारखा समोर येतो, नाहीतर मूत्रपिंडांवरच्या दोन्ही ॲड्रिनल ग्रंथी मोठ्या करून टीबीसारखा. छातीचा एक्स-रे साफ असू शकतो. केसिएशन, म्हणजे चीजसारखा दिसणारा मेलेला भाग, दोन्हींत दिसतं! जीएमएस, पीएएस हे बुरशी दाखवणारे रंग लावले नाहीत तर मॅक्रोफेज या भक्षक पेशींमधल्या 2 ते 4 मायक्रॉनच्या यीस्ट (बुरशीच्या पेशी) सहज निसटतात. 1906 मध्ये डार्लिंग या डॉक्टरने पनामातून हा आजार पहिल्यांदा मांडला, तेव्हा त्यालाही हा प्रोटोझोआ (एकपेशीय परजीवी) वाटला होता.

जुना फिजिशियन: ते मीच लिहिलं होतं. समोर माणूस खंगत चाललाय आणि मी कल्चरसाठी, बुरशी वाढवून पाहायला, सहा आठवडे थांबू?

पॅथॉलॉजीवाली: थांबा कोण म्हणतंय? बायोप्सी आधी घ्या, एवढंच. उद्या बुरशी निघाली तर तुमच्या टीबीच्या रिफाम्पिसिनमुळे बुरशीवरच्या इट्राकोनॅझोलची रक्तातली पातळी कोसळलेली असेल.

एका रुग्णाचा मुलगा: माझ्या वडिलांचं हेच झालं. उभे राहिले की डोळ्यांपुढे अंधारी यायची, तळहातांच्या रेषा काळ्या पडल्या होत्या. सोडियम कमी आलं, तर म्हणे वयामुळे. ॲड्रिनलमधून येणारं कॉर्टिसॉल हार्मोन कुणी तपासलंच नाही. टीबीच्या गोळ्या सुरू झाल्या आणि ते कोसळले.

पॅथॉलॉजीवाली: रिफाम्पिसिनने कॉर्टिसॉलही लवकर संपतं. ॲड्रिनल आधीच निकामी असतील तर हे जिवावर बेततं.

मायक्रोबायोलॉजी: बायोप्सी बायोप्सी करताय, पण अख्खा तुकडा फॉर्मलीनमध्ये बुडवून पाठवता! त्यात बुरशी मरते, कल्चर कशाचं लावू? वर अहवालाला उशीर झाला म्हणून फोन आम्हालाच.

सर्जन: फॉर्मवर तुम्ही लोक काय हवंय ते लिहिता का? सुईने सुतासारखा तुकडा निघतो, त्याचे किती भाग करू?

मायक्रोबायोलॉजी: दोन. एक फॉर्मलीनमध्ये, एक निर्जंतुक सलाईनमध्ये. हे दर वेळी लिहून द्यायचं का?

सर्जन: हो, द्यायचं. सुई फिरवताना रक्तस्राव झाला तर निस्तरतो मी, तुम्ही नाही.

मायक्रोबायोलॉजी: मग "कल्चर निगेटिव्ह" म्हणून आमच्यावर खापर फोडू नका. लावलंच नाही ते निगेटिव्ह कसं येईल?

जुना फिजिशियन: तुमचं भांडण तुम्ही मिटवा. दोन्ही ॲड्रिनल मोठ्या असतील तर आधी सकाळचं कॉर्टिसॉल आणि बायोप्सी, इतकं मान्य. पण थुंकीत टीबीचे जंतू सापडलेल्या माणसाची औषधं मी एक दिवसही लांबवणार नाही.

पॅथॉलॉजीवाली: त्याची लांबवा असं कुणी म्हटलंच नव्हतं.