ऑर्डर आली की ‘अल्जेब्राइकली क्लोज्ड’ मोडीत?

शेषफळ : ‘ऑर्डर्ड फील्डमध्ये (जिथे बेरीज-वजाबाकी-गुणाकार-भागाकार चालतात आणि लहान-मोठं ठरवणारी ऑर्डरही असते) क्ष² + १ = ० सुटत नाही, तेव्हा ऑर्डर आली की अल्जेब्राइकली क्लोज्ड हा शब्द मोडीत काढा’, असं काल कुणीतरी ठोकून दिलंय. अहो, अल्जेब्राइकली क्लोज्डचं मागणं एवढंच आहे की त्याच वर्गातल्या मोठ्या रचनेत जी समीकरणं सुटतात ती घरातही, म्हणजे मूळ रचनेतही, सुटावीत. क्ष² + १ = ० कुठल्याच ऑर्डर्ड विस्तारात सुटत नाही, मग ते घरात मागता कशाला? हा निकष लावला की रिअल क्लोज्ड फील्ड्सच (वास्तव संख्यांसारखी वागणारी) हाती येतात, आर्टिन-श्रायर या गणितज्ञांची, १९२७ पासूनची.

रिकामा_संच : ठोकून देणारा मीच. फील्डमध्ये ‘क्ष ≠ ०’ हे ‘क्ष·य = १’ असं लिहिता येतं, त्यामुळे एक्झिस्टेन्शियली क्लोज्ड (समीकरणांसोबत ‘≠’च्या अटीही घरात सुटाव्यात) म्हटलं तरी तेच मिळतं. दोन नावं कशाला?

लॅटिसवाला : फील्डच्या बाहेर पडा की कधीतरी! ०-१ (सर्वांत लहान आणि सर्वांत मोठा घटक) असलेल्या डिस्ट्रिब्युटिव्ह लॅटिसमध्ये (∧ आणि ∨ या दोन क्रिया एकमेकींवर वितरित होतात अशा रचनेत) अल्जेब्राइकली क्लोज्ड म्हणजे बूलियन, प्रत्येक घटकाला पूरक असलेलं. एक्झिस्टेन्शियलीला त्यावर अणुरहितही (० च्या लगेच वर घटक नसलेलं) लागतं. हा श्मिड यांचा निकाल, १९७९. दोन घटकांचं बूलियन, फक्त ० आणि १, अणुरहित नाही, म्हणजे पहिलं आहे आणि दुसरं नाही. तुमच्या हिशोबाने ते कुठे ठेवायचं?

रिकामा_संच : लॅटिसमधला ≤ क्रियांतूनच निघतो. खरी ऑर्डर म्हणजे साखळी, जिथे कुठल्याही दोन घटकांत लहान-मोठं ठरतं.

काठावर_पास : साखळीचं नाव काढू नका! माझ्या तोंडी परीक्षेत विचारलं, ‘पूर्णांकांची साखळी अल्जेब्राइकली क्लोज्ड आहे?’ मी हो म्हटलं. अटी ≤ ने लिहायच्या असतील तर कुठलीही अरिक्त साखळी असतेच. परीक्षकांच्या डोक्यात होतं <, म्हणजे मधल्या जागा भरलेल्या हव्यात आणि टोकं नकोत. चिन्ह कुठलं ते मी विचारलं, तर ‘उलट प्रश्न नको’. निकाल माझ्या नावातच आहे.

रिकामा_संच : चिन्ह आधीच विचारायचं होतं. परीक्षक बरोबर.

काठावर_पास : तुम्हीच होतात का ते?

शेषफळ : भांडा, पण < हे समीकरणांच्या पंगतीत बसवायचं की नाही हा भाषेचा प्रश्न आहे, पूर्णांकांचा नाही. तेच पूर्णांक ऑर्डर्ड ग्रुप (क्रमासोबत बेरीजही) म्हणून घ्या, ≤ ठेवूनही नापास. २क्ष = १ परिमेयांत सुटतं.

रिकामा_संच : बरं. लॅटिसवाल्यांसाठी शब्द ठेवा. फील्डवाल्यांनी वापरला तर मी पुन्हा येणार.

लॅटिसवाला : उपकार झाले. दोन घटकांचं बूलियन आभारी आहे.

काठावर_पास : आणि माझे गुण?