मदत हवी आहे: विषबाधेचा रुग्ण आधी मेडिकलच्या काउंटरवर आला तर?

काउंटरपलीकडून (धागाकर्ती)

नमस्कार. भांडुप पश्चिमेला डोंगराच्या बाजूला आमचं औषधाचं दुकान आहे. मी फार्मासिस्ट. आसपासचे दवाखाने दहाच्या आत बंद होतात, आम्ही त्यानंतरही उघडे असतो. त्यामुळे वस्तीत कुणी भलतंसलतं खाल्लं-प्यायलं की लोक रिक्षा शोधायच्या आधी आमच्या काउंटरवर येतात. "ताई, काहीतरी द्या, उलटी व्हायला पाहिजे" हे ठरलेलं वाक्य.

मागच्या महिन्यात एक आजोबा अडीच वर्षांच्या नातवाला कडेवर घेऊन आले. पोराच्या ओठांना हिरवट भुकटी लागलेली, बाकी ते मजेत होतं, काउंटरवरची चॉकलेटं मागत होतं. आजोबांच्या मुठीत कापलेल्या स्ट्रिपचा तुकडा: तीन रिकामे खळगे आणि मागच्या फॉइलवर नावाची शेवटची दोन अक्षरं. बाकी नाव कात्रीत गेलेलं. गोळी शुगरची की प्रेशरची, हे घरात कुणाला सांगता येईना. मी त्यांना लगेच पालिकेच्या रुग्णालयात पाठवलं, दोन दिवसांनी पोर सुखरूप घरी आलं. पण तेव्हापासून एक प्रश्न डोक्यातून जात नाही.

रुग्ण आमच्यासमोर असतो ती पाच-दहा मिनिटं वाया जाऊ नयेत म्हणून मी नेमकं काय करावं? काय अजिबात करू नये? माणसाकडे बघून विष कुठलं ते ओळखायच्या काही खुणा आहेत का? माझ्याकडे ओआरएस, गॅसवर देतात त्या चारकोलच्या गोळ्या, एन-अ‍ॅसिटिलसिस्टीनच्या विरघळणाऱ्या गोळ्या, ग्लुकोज पावडर, ग्लुकोमीटर, ऑक्सिमीटर एवढं असतं. यातलं काय उपयोगाचं? इथे कॅज्युअल्टीत काम केलेले कुणी असतील तर कृपया सविस्तर लिहा. एक कागद तयार करून आमच्या भागातल्या सगळ्या मेडिकलवाल्यांना द्यायचा आहे.

गॅलरीतली_तुळस

डॉक्टर मंडळी लिहितीलच, पण तोवर एक कळकळीनं सांगते. मिठाचं पाणी पाजून उलटी काढायची पद्धत अजून घराघरांत आहे, ती कागदावर पहिल्या ओळीत खोडा. आमच्या चाळीत एका मुलीला फिनेल प्यायल्यावर तांब्याभर मीठपाणी पाजलं होतं. फिनेलपेक्षा त्या मिठानंच तिचे जास्त हाल झाले. रक्तातलं सोडियम चढलं होतं, झटके आले.

रात्रपाळी

ताई, मी मुंबईतल्या एका पालिका रुग्णालयात इमर्जन्सी मेडिसिनला आहे. धागा वाचून फार बरं वाटलं, कारण आमच्यापर्यंत रुग्ण येतो तेव्हा आम्हाला जे हवं असतं ते बहुतेक वेळा तुमच्या काउंटरवरच हरवलेलं असतं. आम्हाला हवं असतं ते म्हणजे काय घेतलं, किती घेतलं, कधी घेतलं. उतारा देणं तुमचं काम नाही. ही तीन उत्तरं एका चिठ्ठीवर लिहून रुग्णाबरोबर पाठवलीत तर तुम्ही आमचं अर्धं काम केलंत. रिकामी स्ट्रिप, बाटली, ट्यूब, उलटीत सापडलेली गोळी, जे असेल ते पिशवीत घालून द्या. घरात कुणाला कुठली औषधं चालू आहेत हे तुमच्या बिलांत असतं, तेही लिहा. लहान मुलाचं वजन ठाऊक असेल तर तेसुद्धा.

उलटी काढायची नाही, हे वर लिहिलंच आहे. अ‍ॅसिड, टॉयलेट क्लीनर असेल तर अन्ननलिका जाताना भाजते आणि येताना पुन्हा भाजते. रॉकेल, टर्पेंटाइन असेल तर उलटीतून ते फुफ्फुसात जातं, आणि रॉकेलचा खरा धोका फुफ्फुसालाच असतो. दूध, लिंबू, कच्ची अंडी, काही नको. माणूस गुंगीत असेल तर डाव्या कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका. गॅसवरच्या चारकोलच्या गोळ्यांत चारकोल इतका थोडा असतो की त्याचा उपयोग नाही. आम्ही देतो ती पूड, शरीराच्या दर किलोला साधारण १ ग्रॅम, शक्यतो पहिल्या तासाभरात आणि तीही माणूस शुद्धीत असेल तरच. लोहाच्या गोळ्या, अ‍ॅसिड, रॉकेल, दारू यांवर चारकोल चालत नाही.

तुमच्या यादीतलं सगळ्यात मोलाचं यंत्र ग्लुकोमीटर. तो नातू घ्या. शुगरवरच्या ग्लिमेपिराइड किंवा ग्लिबेनक्लामाइडची एक गोळीसुद्धा लहान मुलाची साखर धोकादायक उतरवू शकते, आणि ती लगेच उतरेलच असं नाही. काही तास मूल हसतंखेळतं राहतं. म्हणून "आता बरा दिसतोय" म्हणून घरी नेऊ द्यायचं नाही, आम्ही अशा मुलाला निदान २४ तास ठेवून घेतो. साखर कमी दिसली आणि मूल नीट गिळत असेल तर ग्लुकोजचं पाणी द्या आणि पाठवा. प्रेशरची गोळी निघाली, म्हणजे अ‍ॅम्लोडिपिनसारखी, तर रक्तदाबही उशिरा कोसळू शकतो. तिथे आम्ही कॅल्शियम देतो आणि ग्लुकोजबरोबर मोठ्या मात्रेत इन्सुलिन. नातेवाईक घाबरतात, "त्याला शुगर नाही हो" म्हणतात, पण त्या इन्सुलिननं हृदयाला बळ मिळतं.

आता खुणांबद्दल. डोळ्यांच्या बाहुल्या, घाम, श्वास, नाडी या चार गोष्टींकडे बघायची सवय लावा.

बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, तोंडातून लाळ, अंगाला घाम, छातीत घरघर, स्नायू थरथरताहेत, कपड्यांना औषधाचा उग्र वास: हे शेतीचं किंवा झुरळ-ढेकणांचं ऑर्गनोफॉस्फेट जातीचं कीटकनाशक समजा. तो माणूस स्वतःच्याच स्रावात बुडत असतो. आम्ही अ‍ॅट्रोपीन देतो आणि फरक पडला नाही तर दर पाच मिनिटांनी आधीच्या दुप्पट, छाती कोरडी होऊन नाडी ८० च्या वर जाईपर्यंत. बाहुल्या मोठ्या होण्याची वाट बघत बसायची नसते. तुम्ही एवढंच करा: हातमोजे घाला, कपडे काढून टाका, अंग साबण-पाण्यानं धुवा. मात्र धुण्यापायी गाडी थांबवू नका.

बाहुल्या तशाच बारीक, पण अंग कोरडं, छाती स्वच्छ आणि श्वास मिनिटाला सहा-आठ: हे अफूच्या जातीचं औषध. ट्रॅमाडॉल, कोडीनचं कफ सिरप हे तुमच्याच फळीवर असतं. याला नॅलोक्सोन हा उतारा आहे, पण ते येईपर्यंत श्वास चालू ठेवणं महत्त्वाचं.

बाहुल्या मोठ्या, तोंड कोरडं, अंग तापलेलं, माणूस हवेत काहीतरी पकडतोय, बडबडतोय: धोतरा आठवा. महाशिवरात्रीला धोतऱ्याची फळं घरात येतात, मुलं बिया चघळतात. झोपेच्या किंवा नैराश्याच्या जुन्या गोळ्यांनी, अ‍ॅमिट्रिप्टिलिनसारख्या, चित्र असंच दिसतं. तिथे मात्र ईसीजी ताबडतोब हवा. त्यातला क्यूआरएस, म्हणजे हृदयाच्या ठोक्याची मुख्य लहर, १०० मिलिसेकंदांपेक्षा रुंद झाला तर आम्ही सोडियम बायकार्बोनेट चालू करतो.

आणि पॅरासिटामॉल. याची खूण म्हणजे कसलीच खूण नसणं. पहिला दिवस मळमळ, फार तर उलटी. यकृत दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी बोलू लागतं. पहिल्या ८ तासांत एन-अ‍ॅसिटिलसिस्टीन सुरू झालं तर यकृत जवळजवळ नेहमी वाचतं. ते सलाईनमधून २१ तास चालतं, १ तास, ४ तास आणि १६ तासांच्या तीन टप्प्यांत. तुमच्याकडच्या विरघळणाऱ्या गोळ्या तेच औषध असलं तरी काउंटरवरून देऊ नका. मात्रा वजनावर ठरते, आणि "औषध दिलंय" म्हणून लोक घरी परततात. रक्तातली पातळी मोजायची सोय सगळीकडे नसते, त्यामुळे किती वाजता घेतलं हे तुम्ही लिहिलेलं घड्याळच आमचा आधार असतं.

काउंटरपलीकडून

डॉक्टर, किती आभार मानू. पॅरासिटामॉलचं वाचून लक्षात आलं की आमच्याकडे नकळत होणारं ओव्हरडोस हेच असणार. सर्दीच्या गोळीत पॅरासिटामॉल, अंगदुखीच्या गोळीत पॅरासिटामॉल, वर तापाची ६५०. आणि लहान मुलांचे ड्रॉप्स! ड्रॉप्समध्ये १ मिलीला १०० मिग्रॅ असतं, सिरपच्या ५ मिलीत १२० किंवा २५०. आईला "पाच मिली" लक्षात असतं आणि हातात बाटली ड्रॉप्सची. हे आता प्रत्येक बाटलीवर पेनानं लिहून देणार.

दोन शंका. "उंदराचं औषध खाल्लं" असं सांगत येतात तेव्हा काय समजायचं? आणि घरचे पोलिसांच्या भीतीनं खोटं बोलतात, त्याचं काय करू?

रात्रपाळी

उंदराच्या औषधाचं नाव एकच, विषं मात्र वेगवेगळी, आणि कॅज्युअल्टीत सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो. म्हणून पाकीट हवंच. रंगीत वडी किंवा केक असेल तर बहुधा रक्त पातळ करणारं ब्रोमाडायोलोन. पहिल्या दिवशी आयएनआर, म्हणजे रक्त गोठण्याची चाचणी, नॉर्मल येते, ती ४८ तासांनी पुन्हा करायची असते. याला व्हिटॅमिन के आहे, पण ते कधी कधी महिनोन्‌महिने घ्यावं लागतं. काळी पूड बहुतेकदा झिंक फॉस्फाइड. ट्यूबमधली पेस्ट असेल तर पिवळा फॉस्फरस असू शकतो, आणि तो फसवा असतो. पहिल्या दिवशी उलट्या, मग एक-दोन दिवस माणूस ठीक, घरचे डिस्चार्ज मागतात, आणि मग कावीळ. पेस्टची ट्यूब बघितली की "बरं वाटत असलं तरी दाखल राहा" हे तुमच्या तोंडूनही जाऊ द्या. मेडिकलवाल्या ताईंचं लोक ऐकतात.

धान्यात ठेवायच्या करड्या गोळ्या, म्हणजे अ‍ॅल्युमिनियम फॉस्फाइड, यांचा ओलाव्याशी संबंध आला की फॉस्फिन वायू सुटतो. तिथे पाणी पाजू नका, उलटीवर वाकून बसू नका, खिडक्या उघड्या ठेवा आणि आयसीयू असलेल्या ठिकाणीच पाठवा. ढेकणांसाठी कुणी हीच गोळी बंद खोलीत ठेवली तर वायू शेजारच्या घरातही जातो. एकाच घरातल्या दोघातिघांना एकदम उलट्या आणि छातीत दडपण असं आलं तर "शेजारी पेस्ट कंट्रोल झालंय का?" हे विचारा. रात्रीच्या भुर्जीपावावर खापर फोडून मोकळे होऊ नका.

पोलिसांचं. एमएलसी, म्हणजे पोलिसांना कळवायचं प्रकरण, अशी नोंद होते, ते आम्ही टाळू शकत नाही. पण उपचार आधी, कागद नंतर. सर्वोच्च न्यायालयानं १९८९ च्या परमानंद कटारा खटल्यात हे स्पष्ट केलं आहे, त्यामुळे "आधी पोलीस स्टेशनला जा" असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७, कलम ११५ प्रमाणे जीव द्यायचा प्रयत्न केलेला माणूस तीव्र ताणाखाली होता असंच गृहीत धरलं जातं. आत्महत्येच्या प्रयत्नाला गुन्हा ठरवणारं जुनं कलम ३०९ भारतीय न्याय संहितेत, म्हणजे १ जुलै २०२४ पासून, राहिलेलंच नाही. घरच्यांना बाजूला घेऊन एवढंच सांगा की खोटं नाव सांगितलंत तर चुकीचं औषध जाईल. आणि त्या मुलीला किंवा मुलाला चारचौघांत "का केलंस" विचारू नका. मन मोकळं करायला टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक आहे, मराठीत बोलता येतं, चिठ्ठीच्या मागे लिहून द्या.

मालवणी_गेट

मालाडच्या मालवणीत जून २०१५ मध्ये विषारी दारूनं शंभरावर माणसं गेली. मी तेव्हा तिथेच राहत होतो. लोकांना सकाळी पोटात दुखत होतं, धुरकट दिसत होतं, आणि घरचे "उतरली नाही अजून" म्हणून झोपू देत होते. दारू प्यायलेल्या माणसाला दुसऱ्या दिवशी अंधुक दिसतंय म्हटलं की एक मिनिट थांबायचं नाही, हे कागदावर टाकाच.

रात्रपाळी

अगदी बरोबर. ते मिथेनॉल. त्यातून शरीरात फॉर्मिक अ‍ॅसिड तयार होतं, ते डोळ्याच्या नसेवर जातं. फोमेपिझोल या औषधानं किंवा शुद्ध इथेनॉलनं ते तयार होणं रोखता येतं आणि डायलिसिसनं काढून टाकता येतं. पण हे सगळं डोळे जायच्या आत व्हायला हवं. आणि त्याच गुत्त्यावर बसलेल्या बाकीच्यांनाही शोधून आणायचं.

अकरावा_मजला

एक भर. बाथरूममधला गॅस गीझर. आंघोळीला गेलेली वहिनी आतच कोसळली होती. ऑक्सिमीटर लावला तर ९८, म्हणून सगळे निश्चिंत.

रात्रपाळी

हे लिहिलंत ते फार बरं केलंत. कार्बन मोनॉक्साइडमध्ये साधा ऑक्सिमीटर फसतो, त्याला कार्बन मोनॉक्साइड चिकटलेलं हिमोग्लोबिन आणि ऑक्सिजनवालं हिमोग्लोबिन यांतला फरक कळत नाही. दार उघडा, गॅस बंद करा, माणसाला मोकळ्या हवेत आणा आणि आकडा कितीही छान दिसला तरी मास्कनं पूर्ण ऑक्सिजन मिळेल अशा ठिकाणी न्या.

काउंटरपलीकडून

शेवटचं विचारते: १०८ ची वाट बघायची की रिक्षा करायची? रात्री एलबीएस रोडवर काय होईल सांगता येत नाही. आणि जवळच्या नर्सिंग होमला की थेट मोठ्या रुग्णालयात?

रात्रपाळी

माणूस बोलतोय, चालतोय तर जे आधी मिळेल ते. बेशुद्ध, झटके, श्वास मंद असेल तर १०८, आणि ती लांब असेल तर जवळच्यात जवळ जिथे श्वासनलिकेत नळी घालता येईल तिथे. पुढे कुठे हलवायचं ते तिथले डॉक्टर ठरवतील. विष ओळखीचं नसेल तर दिल्लीच्या एम्समधलं राष्ट्रीय विष माहिती केंद्र २४ तास फोन घेतं: १८०० ११६ ११७. तो नंबर फक्त डॉक्टरांसाठी नाही, तुम्हीही करू शकता. पण एकानं फोन करायचा आणि दुसऱ्यानं तोवर गाडी बघायची.

काउंटरपलीकडून

नंबर काउंटरच्या काचेला आतून लावला. कालपासून स्ट्रिप कापून दिली की त्या पाकिटावर औषधाचं नाव आणि मात्रा मराठीत लिहून देतो आहोत, पोरगा कुरकुरतोय पण लिहितोय. कागदाचा मसुदा रविवारी इथेच टाकते. डॉक्टर, औषधांची नावं आणि बाहुल्यांचा भाग तेवढा तपासून द्याल का? आणि कुणी हिंदी करून देणार असेल तर सांगा, आमचं निम्मं गिऱ्हाईक हिंदीच बोलतं.

मालवणी_गेट

हिंदीचं माझ्याकडे द्या. चार प्रती मालवणीतही लावतो.